ओसोरेझानवर दिलेली खोटी तारीख

जपानहून आल्यापासून जो तो मला चेरीच्या फुलांबद्दल विचारतो. मी गेले होते जुलैत. फुलं तोवर कधीच गळून गेली होती आणि उकाडा कोल्हापूरला लाजवेल असा होता. मी फुलं पाहिली नाहीत, हिमशिखरंही पाहिली नाहीत. तीन आठवडे माझ्या लेकीच्या मागे मागे फिरून दृष्ट, मंत्र आणि मेलेल्यांशी बोलणाऱ्या बायका पाहिल्या आणि संतापून परत आले. तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी कोल्हापूरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. शनिवार-रविवार आम्ही चार मैत्रिणी गावोगाव जायचो. लिंबातून रक्त कसं निघतं, हातातून अंगारा कसा पडतो, ते रसायनांसकट करून दाखवायचं. शिवाय माझं एक खास काम होतं, जट कापायचं. एखाद्या पोरीच्या केसांचा गुंता झाला की आमच्याकडे देवीचं बोलावणं आलं म्हणतात. मग तो गुंता कुणी सोडवत नाही, वाढू देतात, आणि एक दिवस त्या पोरीला जोगतीण करून देवीला सोडतात. मी कात्री, खोबरेल तेल आणि शाम्पूची बाटली घेऊन जायची. आधी आईशी बोलायची, मग आजीशी भांडायची आणि शेवटी जट कापायची. आयुष्याचा हिशोब मागितला तर मी एवढंच सांगेन.

आणि माझ्याच पोटची केतकी क्योतोच्या विद्यापीठात बसून प्रबंध लिहिते आहे तो कशावर? आजच्या काळातले लोकमंत्र आणि अंगात येण्याच्या परंपरा, महाराष्ट्रातल्या आणि जपानमधल्या, यांच्या तुलनेवर. तिने मला बोलावलं तेव्हा म्हणाली, "आई, तुझ्यासारखा अनुभव असलेलं माणूस बरोबर असलं तर मला मदतच होईल." मला वाटलं, पोर वठणीवर येते आहे. तिकीट काढलं.

फुनाबोरी

तोक्योतल्या फुनाबोरी भागात आम्ही माझा भाचा समीर याच्याकडे उतरलो. समीर एका बँकेच्या नोकरीत तीन वर्षांसाठी आला आहे. बायको अदिती, दोन वर्षांची मुलगी, सहाव्या मजल्यावर दोन खोल्या. खालच्या दुकानात तूरडाळ मिळते, गल्लीत मराठी ऐकू येतं. मी पोचले त्या दिवशी मुलीला ताप होता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. पण अदितीचं म्हणणं असं, की शेजारच्या बाईंनी लिफ्टमध्ये मुलीचे गाल ओढून तिचं कौतुक केलं, आणि त्याच संध्याकाळी ताप भरला.

मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात तिने मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या मुलीवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. पुढचं मी बाथरूममधून ऐकलं. छतावरच्या डबीतून एक अत्यंत विनयशील बाई बोलायला लागली, आग लागली आहे, आग लागली आहे. मग सगळ्या मजल्यावर घंटा. माणसं चपला घालून, पिशव्या पाठीला लावून, जिन्यात रांगेने उभी. भूकंपाचा देश आहे, त्यांना सवय आहे. मी ओल्या केसांनी त्या रांगेत खोकत उभी राहिले. इमारतीचे व्यवस्थापक, सत्तरीचे गृहस्थ, हातात अग्निशामक नळकांडं घेऊन आले आणि मिरचीच्या खकाण्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समीर कमरेत वाकून माफी मागत होता. एम. बी. ए. झालेला माणूस.

मी तिथेच सुरू केलं असतं. पण अदितीने रडत रडत मोडक्या जपानीत त्यांना खरं कारण सांगितलं, आणि त्या गृहस्थांचा चेहरा एकदम निवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाड मिठाची पुडी आणि दोन चिमुकल्या बश्या घेऊन आले. दाराच्या दोन्ही बाजूंना मिठाचे छोटे ढीग करून ठेवले आणि म्हणाले, वाईट नजर मिठाने अडते, मिरची लागत नाही. केतकीने वहीची दोन पानं भरली. मला मात्र डोक्याला हात लावायची वेळ आली. दोन देशांच्या खुळांची गाठ पडली आणि त्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, असा तो प्रकार होता. ताप दोन दिवसांनी उतरला, तसा तो उतरतोच. श्रेय मिठाला मिळालं. कुठल्या मिठाला, यावर नवराबायकोत मतभेद आहेत.

तोयोसु

पुढच्या रविवारी केतकी मला तोयोसुला घेऊन गेली. समुद्राच्या काठाला चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर आणि त्यांत आपली इंजिनिअर मुलं. अशाच एका टॉवरच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये कार्यशाळा होती. 'सह्याद्रीतल्या आदिवासींची प्राचीन शामन विद्या.' शिकवणारा ठाण्याचा. नाव सांगत नाही, कारण त्याची आई माझ्या ओळखीची निघाली. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो सॉफ्टवेअर लिहायचा. आता सुती कुडता, गळ्यात पीस आणि हातात एक डफ. डफसुद्धा आपला नाही, कुठल्या तरी तिसऱ्याच खंडातला.

बारा माणसं, बहुतेक जपानी नोकरदार बायका, योगाच्या चटयांवर आडवी झाली. याने डफ वाजवला आणि सांगितलं की आपल्या आत उतरा, तिथे तुमचा प्राणी भेटेल. वीस मिनिटांनी सगळी उठली. एकीला लांडगा भेटला होता, दोघींना गरुड, एका आपल्या इंजिनिअरला बिबट्या. शेळी कुणालाच भेटली नाही.

चहाच्या वेळी मी त्याला मराठीत विचारलं, "ही विद्या तुम्हाला कुठल्या पाड्यावर मिळाली? भगताचं नाव काय?"

"काकू, ऊर्जेला पत्ता नसतो," तो हसून म्हणाला.

राधानगरीच्या अंगाला एक भगत आहे. सुपात तांदूळ टाकून दाणे मोजतो आणि आजाराचं कारण सांगतो. त्याच्याशी मी वीस वर्षं भांडते आहे. पण त्याच्या सुनेला नाग चावला तेव्हा तांदूळ बाजूला ठेवून तो तिला मोटरसायकलवर बांधून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. गावात कुणी गेलं तर तो तिरडी बांधायला असतो. चुकला तर शिव्या खायला त्याच पारावर बसतो. या कुडतेवाल्याला सोमवारी कुणाच्याच तोंडाकडे बघावं लागत नाही. भगताचं चोरायचं आणि त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, याचा मला जो राग आला तो मी त्याला चहा थंड होईपर्यंत ऐकवला. त्याने शेवटी डोळे मिटून मला क्षमा केली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी केतकीला विचारलं, "यातलं खोटं कोणतं, ते तू प्रबंधात कुठल्या प्रकरणात लिहिणार?"

"कुठल्याच नाही, आई. माणसं काय करतात आणि त्याने त्यांचं काय होतं, एवढंच मी लिहिते."

विज्ञानाच्या शिक्षिकेच्या मुलीने हे बोलावं.

ओसोरेझान

जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाला ओसोरेझान नावाचा गंधकाचा डोंगर आहे. मेलेली माणसं तिथे जातात असा समज. जुलैच्या जत्रेत तिथे इताको येतात. इताको म्हणजे मेलेल्याला आपल्या तोंडून बोलायला लावणाऱ्या बायका. पूर्वी त्या सगळ्या आंधळ्या असत. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. केतकीने तिथे तीन उन्हाळे काढले होते, आणि दर उन्हाळ्यात इताकोकडे येणाऱ्या एका बाईंशी तिचं चांगलं जमलं होतं. त्या, सासाकी-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), आम्हाला वाटेत गाडी बदलायच्या स्टेशनवर भेटणार होत्या.

साठीच्या, बुटक्या, उन्हाने रापलेल्या. डोक्यावर कापडी टोपी आणि गळ्यात टॉवेल. नवरा-बायकोचा वाकामे वाळवायचा धंदा, म्हणजे समुद्रातली शेवाळासारखी भाजी. त्यांनी आमच्यासाठी भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते, आत खारवलेलं आंबट फळ. मला तीन आठवड्यांत बाहेरच्या खाण्यात एकदाही तिखट लागलं नव्हतं. मी पर्समधून ठेच्याची डबी काढली. सासाकी-साननी बोटाच्या टोकाएवढा घेतला, त्यांना घाम फुटला, टॉवेलने तोंड पुसलं आणि त्यांनी पुन्हा डबीकडे हात केला. दोन तासांत अर्धी डबी संपली. भाषा येत नसताना मला कुणी इतकं आवडल्याचं आठवत नाही.

गाडीत त्यांची हकीकत केतकीने मला सांगितली, त्यांच्यादेखत, त्यांच्या परवानगीने. २०११च्या त्सुनामीत त्यांची एकुलती मुलगी मियुकी गेली. चोवीस वर्षांची होती. मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहायची. गाडी सापडली, मियुकी सापडली नाही. आसपासच्या घरांनी बेपत्ता माणसांचे मृत्यूचे अर्ज भरले, सासाकी-साननी नवऱ्याला भरू दिला नाही. सहा वर्षं त्या दर महिन्याच्या अकरा तारखेला किनाऱ्यावर दाताळं घेऊन वाळू उकरत होत्या.

इताको पहिला प्रश्न विचारते तो हा, की माणूस जिवंत आहे की गेलेलं. जिवंताला बोलवायची रीत वेगळी, मेलेल्याची वेगळी. मेलेलं असेल तर मृत्यूची तारीख द्यावी लागते. दोन उन्हाळे सासाकी-सान इताकोच्या तंबूच्या दारापर्यंत गेल्या आणि तारीख सांगता येईना म्हणून परत आल्या. मागच्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी तोंडातून तारीख काढली, अकरा मार्च. मियुकी इताकोच्या तोंडून बोलली की पाणी फार वेळ थंड लागलं नाही, मी आता उबेत आहे, आई, मला शोधू नकोस. त्या दिवसापासून सासाकी-साननी दाताळं हातात घेतलं नव्हतं. झोप लागू लागली होती. यंदा त्या परवानगी मागायला चालल्या होत्या. ऑगस्टमध्ये ओबोन येतो, आपल्या पितृपक्षासारखा. त्याआधी घराण्याच्या थडग्याच्या दगडावर मियुकीचं नाव कोरावं, अशी नवऱ्याची सहा वर्षांची इच्छा होती. पाथरवट ठरला होता. मियुकीने हो म्हणायचं बाकी होतं.

मी ऐकलं, आणि माझं रक्त उकळलं. बाईंवर नाही. एका आईच्या तोंडून तारीख काढून घेणाऱ्या त्या तंबूवर.

डोंगरावर उतरल्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. राखाडी दगड, पिवळे भेगाळलेले खड्डे, त्यांतून निघणारी वाफ, आणि पलीकडे इतकं निळं तळं की डोळ्यांना पटू नये. दगडांच्या चवडींमध्ये प्लास्टिकची रंगीत भिरभिरी खोचलेली, गेलेल्या बाळांसाठी. तासाभरात माझी चांदीची अंगठी काळी पडली. आमच्याकडे बायकांनी अपशकुन म्हणून बोंब ठोकली असती. गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते, हे मी आठवीला दरवर्षी करून दाखवत असे.

तिथल्या देवळाच्या महाद्वाराच्या आत इताकोंच्या तंबूंची रांग. देवळाच्या लोकांनी केतकीला सांगितलं होतं, इताकोंचा आणि आमचा काही संबंध नाही. जागा द्यायची, गर्दी घ्यायची आणि संबंध नाही म्हणायचं. अशी देवळं मी आमच्याकडेही पाहिली आहेत.

तंबूतली म्हातारी ऐंशीच्या पुढची, डोळे पांढरे झालेले. हातात काळ्या मण्यांची लांब माळ, तिच्यात जनावरांची नखं आणि हाडं ओवलेली. केतकीने सांगितलं, लहानपणी गोवराने डोळे गेले. आंधळ्या पोरीला पोटापाण्याचं दुसरं साधन नाही म्हणून घरच्यांनी एका इताकोकडे ठेवलं. थंड पाण्याच्या बादल्या अंगावर ओतून घेत, मार खात ती मंत्र शिकली. तेव्हा मला आमच्या जट आलेल्या पोरी आठवल्या. कुणाचे डोळे गेले, कुणाचे केस गुंतले, की गावाने तिला देवाच्या कामाला लावायचं. त्या म्हातारीची मला कीवही आली. पण कीव आली म्हणून खोटं खरं होत नाही.

रांगेत दोन तास उभं राहायचं होतं आणि तंबूचं कापड पातळ. मी केतकीला आतलं सांगायला लावलं. पहिल्या बाईचा नवरा आला आणि म्हणाला, मला बोलावलंस म्हणून आभारी आहे, तब्येतीला जप. दुसरीचा भाऊ आला आणि म्हणाला, मला बोलावलंस म्हणून आभारी आहे, तब्येतीला जप, अमक्या महिन्यात गाड्यांपासून सांभाळ. तिसऱ्याची आई आली, तिनेही तेच सांगितलं. चाल तीच, शब्द तेच. बाहेर येताना मात्र प्रत्येक जण वेगळं रडत होता.

सासाकी-सान आत गेल्या. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मियुकीने हो म्हटलं होतं. त्यांनी बाकावर बसून नवऱ्याला फोन केला, पाथरवटाला उद्या बोलवा म्हणाल्या, आणि थर्मासमधून आम्हा दोघींना जवाचा थंड चहा ओतून दिला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण आमची एक जुनी चाचणी आहे. मेलेल्याला बोलावणारा कुणी भेटला की जिवंत माणसाचं नाव द्यायचं. पन्हाळ्याच्या बाजूला एका देवऋष्याने आमच्या मैत्रिणीच्या 'मेलेल्या' वडिलांना बोलावलं होतं, आणि वडील मागच्या रांगेत बिडी ओढत बसलेले. सगळं गाव हसलं आणि देवऋषी महिनाभर दिसला नाही. ही चाचणी कधी फसलेली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी केतकीला म्हटलं, श्रीधरला बोलवू. श्रीधर म्हणजे माझा नवरा, तिचा बाबा, वय अडुसष्ट, कोल्हापुरात ठणठणीत.

"आई, मी खोटं भाषांतर करणार नाही."

"तू खरंच कर. खोटं मी बोलते."

म्हातारीने विचारलं, जिवंत की गेलेला? मी म्हटलं, गेलेला. तारीख? मी मागच्या दिवाळीतला पाडवा सांगितला. त्या दिवशी मी त्याला ओवाळलं होतं. केतकीने खाली मान घालून इंग्रजी महिना आणि तारीख सांगितली. माळ घासल्याचा आवाज झाला, म्हातारी गायला लागली, आणि श्रीधर आला. म्हणाला, इतक्या लांबून आलीस, दमली असशील. मी होतो तेव्हा कधी बोललो नाही, पण घर तू सांभाळलंस. पाय जप. मी रुमाल काढून डोळे पुसले. हे लिहायची मला लाज वाटते, पण पुसले. चाळीस वर्षांत श्रीधर असं काही बोललेला नाही.

त्या लाजेनेच मला जास्त चेव आला असावा. मी तंबूबाहेर आले आणि बाकाजवळ उभी राहून श्रीधरला व्हिडिओ कॉल लावला. तो पोहे खात होता. "काय गं, पोचलीस का डोंगरावर?" त्याने विचारलं. सासाकी-साननी पडद्यावर डोकावून टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि केतकीला विचारलं, हे कोण? केतकी म्हणाली, बाबा.

मी म्हटलं, "आता पुढचं सांग. आत्ता आत याच माणसाला मेलेला म्हणून बोलावलं आणि तो बोलून गेला, हे सांग त्यांना."

"आई, नको."

"का नको? त्यांना फसवलं जातंय आणि तू वही घेऊन बघत बसणार? शब्द न् शब्द सांग."

केतकीने सांगितलं. ती बोलत असताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. सासाकी-सान आता चिडतील, तंबूत जाऊन जाब विचारतील, निदान रडतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. आमच्याकडे असंच होतं. त्या बराच वेळ श्रीधरकडे बघत होत्या. त्याने गोंधळून चमचा खाली ठेवला. मग त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि केतकीने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतायत, म्हणजे बोलावलं तर जिवंत माणूससुद्धा येतं."

मी म्हटलं, नाही, नाही, तसं नाही, ती बाई ठरलेलं म्हणते, सगळ्यांना तेच म्हणते, हे सांग. केतकीने सांगितलं. सासाकी-साननी मान हलवली. त्यांचं उत्तर केतकीने मला जसंच्या तसं दिलं.

"तंबूतल्या बाई खोटं बोलल्या नाहीत. तारीख तुम्ही खोटी दिलीत. तुमचे यजमान तरीही आले. मीही तारीख दिली होती, पण ती मला कुठे माहीत आहे?"

मग त्यांनी पुन्हा फोन काढला, बाकापासून चार पावलं दूर गेल्या आणि नवऱ्याला सांगितलं, पाथरवटाला येऊ नका म्हणा.

किनारा

त्या रात्री आम्ही त्यांच्याकडे राहणार, हे आधीच ठरलेलं होतं. मी नको म्हटलं. सासाकी-साननी ऐकलं नाही, ठेचा आवडलेल्या पाहुणीला त्या हॉटेलात जाऊ देणार नव्हत्या. उंचावर बांधलेली नवी वसाहत, सगळी घरं एकाच साच्यातली. त्यांच्या नवऱ्याने आम्हाला मासे भाजून वाढले. पाथरवटासाठी मियुकीचं नाव ब्रशने लिहिलेला कागद देवघरापाशी ठेवला होता. जेवण झाल्यावर नवऱ्याने तो उचलला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, भांडता मला येतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. म्हातारीचा, देवळाचा, वही मिटून बसलेल्या केतकीचा, आणि पाथरवट एक दिवस आधी का बोलावला नाही म्हणून त्या बिचाऱ्या नवऱ्याचासुद्धा. माझा स्वतःचा राग सगळ्यात शेवटी आला, आणि तो गेलेला नाही. ते तंबूतलं सगळं खोटंच आहे, हे माझं मत बदललेलं नाही, हेही सांगून ठेवते.

सकाळी सासाकी-सान दिसेनात. नवऱ्याने खाली बोट दाखवलं. दुमजली घराएवढी नवी काँक्रीटची भिंत समुद्र अडवून उभी आहे, तिच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरलो तर त्या वाळूत गुडघे टेकून दाताळं ओढत होत्या. त्या दिवशी अकरा तारीख नव्हती. अंगावर कालचेच कपडे होते. आम्हाला बघून त्यांनी हात केला, हसल्या. गाडीत ठेचा खाताना हसल्या होत्या त्याहून मोकळं हसल्या, आणि मला ते बघवेना.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसून हातानेच वाळू चाळायला लागले. दुसरं काय करणार होते? केतकी पायऱ्यांवर उभी होती. तिला मी म्हटलं, "तू रागव तरी माझ्यावर." ती म्हणाली, "नंतर, आई."

थोड्या वेळाने सासाकी-साननी एक पांढरा तुकडा उचलला, टॉवेलने पुसला आणि माझ्यासमोर धरला. केतकीने सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही विज्ञान शिकवता ना, हे काय आहे?"

तो माशाचा मणका होता. दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट. सातवीतल्या पोरानेही ओळखला असता. मी सांगितलं, माशाचा आहे. सासाकी-साननी तो बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. तो शिंपल्याचा. तिसरा कुठल्याशा पक्ष्याचा, आतून पोकळ. प्रत्येक वेळी मी नीट उजेडात धरून बघितला, आणि प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं, माणसाचं नाही. प्रत्येक वेळी त्या "हो ना?" म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा आणखी उजळला. तीस वर्षं मी लोकांना खरं सांगत आले, पण इतक्या आनंदाने माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

आमची गाडी दुपारची होती. त्या वेळेपर्यंत मी अठरा तुकडे बघून दिले.